प्रपोर्शनल फेअर शेड्युलरचे आकडे तपासताना

मोबाइल टॉवरचा शेड्युलर दर मिलिसेकंदाला कोणत्या मोबाइलला डेटा द्यायचा ते ठरवतो. स्थिर चॅनलवर (टॉवर ते मोबाइल हा रेडिओ मार्ग) प्रपोर्शनल फेअर आणि राउंड रॉबिन (आळीपाळीने सारखा वेळ) या दोन पद्धतींचे आकडे सारखेच येतात. सिम्युलेशनमध्ये असं दिसलं की लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. कोड बहुधा बरोबरच असतो, चॅनलमध्ये फेडिंग (सिग्नलचे क्षणोक्षणीचे चढउतार) घातलेलं नसतं.

एलटीईचा (४जी) १० मेगाहर्ट्झचा सेल घ्या: १८० किलोहर्ट्झचे ५० रिसोर्स ब्लॉक (वाटपाचे तुकडे), म्हणजे वापरात ९ मेगाहर्ट्झ. टॉवरजवळच्या मोबाइलचा सीक्यूआय (चॅनल किती चांगलं ते मोबाइल कळवतो तो आकडा) १५ (हर्ट्झमागे सेकंदाला ५.५५ बिट), कडेच्या मोबाइलचा ४ (०.६० बिट). एका स्ट्रीमचा (एका वेळी एकच डेटाप्रवाह) हिशेब, कंट्रोलचा खर्च सोडून: पूर्ण सेल एकट्याला दिला तर पहिल्याला ५० एमबीपीएस, दुसऱ्याला ५.४. दोघांना सारखा वेग द्यायचा म्हटलं तर ९० टक्के वेळ कडेचाच खातो आणि वाट्याला प्रत्येकी ४.९ येतात. वेळ अर्धा-अर्धा वाटला तर २५ आणि २.७. प्रपोर्शनल फेअरही इथेच येतो.

त्याचा नियम साधा आहे. आत्ता शक्य असलेला वेग भागिले आतापर्यंतचा सरासरी वेग. ज्याचा भागाकार मोठा, त्याला पुढची मिलिसेकंद. चॅनल हलत असेल तर प्रत्येकाला त्याच्या चांगल्या क्षणी गाठता येतं, आणि सगळा फायदा तेवढाच.

तो क्षण गाठायला सीक्यूआय ताजा लागतो. २ गिगाहर्ट्झवर ताशी ३ किलोमीटरने चालणाऱ्या माणसाचं चॅनल सुमारे ७५ मिलिसेकंद टिकतं, ताशी ६० च्या गाडीत जेमतेम ४. गाडीतल्या मोबाइलचा सीक्यूआय रिपोर्ट पोचून वापरला जाईपर्यंत या ४ हून जास्त वेळ जातो. मग शेड्युलर कालचं शिखर बघून आजच्या खड्ड्यात पाठवतो, ब्लॉक एरर (चुकीच्या पोचलेल्या ब्लॉकचं प्रमाण) १० टक्क्यांच्या लक्ष्यापलीकडे जातो आणि प्रत्येक रीट्रान्समिशनला ८ मिलिसेकंद लागतात. आउटर लूप (निकाल बघून चॅनलचा अंदाज खाली-वर करणारी दुरुस्ती) हे सावरतो: नॅक (ब्लॉक चुकल्याचा निरोप) आला की ०.९ डीबी खाली, अ‍ॅक (नीट पोचल्याचा) आला की ०.१ डीबी वर. हे ९:१ प्रमाण १० टक्क्यांच्या लक्ष्यातूनच येतं. पण एरर सावरला तरी फेडिंगचा फायदा परत येत नाही.

खरी गोची मात्र सरासरीत असते. विंडो, म्हणजे सरासरी किती काळाची धरायची ते, १००० मिलिसेकंद ही नेहमीची निवड. ती २० वर आणली तर सरासरीच फेडिंगच्या मागे धावते आणि शेड्युलर राउंड रॉबिनकडे झुकतो. फार मोठी ठेवली तर खराब चॅनलवाला ताटकळतो. मोबाइलसाठीच्या डेटाची रांग रिकामी असतानाही त्याची सरासरी उतरू दिली, तर थोडा वेळ गप्प बसलेला मोबाइल परतल्याबरोबर सगळा सेल अडवतो आणि शेजारचा व्हिडिओ कॉल अडखळतो. रिकाम्या रांगेची सरासरी गोठवून ठेवावी, असं माझं मत. नव्या मोबाइलची सरासरी शून्यापासून सुरू केली तरी हेच होतं. त्याच्या सीक्यूआयचा वेग भागिले मोबाइलची संख्या, इथून सुरुवात करा.

मोजमापाचं म्हणाल तर जैन इंडेक्स (वाटणी किती सारखी ते सांगणारा आकडा, पूर्ण सारखी तर १) कशावर काढला ते आधी लिहा. वरच्या २५ आणि २.७ वर तो ०.६१ येतो, त्याच वाटणीत वेळेवर काढला तर १. दोन्ही बरोबर, पण पेपरात नुसतं ‘फेअरनेस’ लिहिलेलं असतं! सोबत खालच्या ५ टक्के मोबाइलचा वेग आणि ९९ व्या पर्सेंटाइलचा विलंब (१०० पैकी ९९ पॅकेट ज्याच्या आत पोचतात तो) द्या. रनचे पहिले ५ सेकंद टाकून द्या: १००० च्या विंडोत तोवर सुरुवातीच्या किमतीचा १ टक्क्याहून कमी अंश उरतो.