तक्रार ब्रेकची, दोष टायमिंग बेल्टचा

ब्रेक कडक लागतोय म्हणून गाडी आलेली. तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, दहा वर्षं जुनी, बॉडी एकदम चकाचक. गाडीचे मालक असलेले काका म्हणाले बूस्टर (व्हॅक्युमच्या जोरावर पेडल हलकं करणारा डबा) बदलून झाला, पॅड नवीन टाकले, तरी मधेच पेडल असं कडक होतं की पूर्ण ताकद लावली तरी गाडी पुढेच जाते. हे ऐकूनच मला टेन्शन आलं, कारण अशी गाडी घेऊन माणूस घरच्यांना बसवून फिरत होता!

स्कॅनर लावला तर ब्रेकचं काहीच नाही, पण ऑइल प्रेशरचा एक कोड पडलेला. तिथंच शंका आली. या इंजिनात ब्रेकला व्हॅक्युम देणारा पंप असतो, त्याला इंजिनचंच ऑइल जातं आणि त्या वाटेवर एक बारीक जाळी असते. ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्च मारली, समोर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करायला लावणारा रबरी पट्टा. हो, झाकणातून बेल्ट दिसतो, कारण या इंजिनात तो ऑइलमध्येच फिरतो. पाठीवर बारीक भेगा होत्या आणि बेल्ट फुगून इतका रुंद झालेला की तपासायचं गेज त्यावर बसेचना. मग चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, खाली घेतला. ऑइल पंपाच्या जाळीवर काळा थर, चिमटीत धरून ओढला तर रबराचे धागेच निघाले, बोटाला चिकटत होते. व्हॅक्युम पंपाच्या जाळीतही तेच, म्हणजे पंपाला ऑइल कमी, बूस्टरला व्हॅक्युम कमी आणि म्हणून पेडल कडक.

आधी बहुतेक गाड्यांत एकतर चेन असायची नाहीतर बाहेरून कोरडा बेल्ट, कव्हर काढलं की दिसायचा. ऑइलमध्ये ठेवला की घर्षण कमी, आवाज कमी, थोडं इंधनही वाचतं, म्हणून हे डिझाइन आलं. पण जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, थोडं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं, ते उडून जायच्या आत गाडी बंद होते आणि मग तेच ऑइल बेल्टचं रबर खातं. त्यात ऑइल बदलायची मुदत लांबलचक. काकांची गाडी रोज अशीच, थोडं अंतर गेली की बंद.

जुन्या गाड्या दणकट होत्या असं सगळे म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनात चोक ओढला की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढायचं, बोर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजायचा, लाख-दीड लाख किलोमीटरला रिंग-पिस्टनचं काम निघायचं. काकांच्या गाडीचे प्लग काढून कॅमेरा आत घातला तर होनिंगच्या, म्हणजे नवीन बोर घासून तयार करताना पडलेल्या, तिरक्या रेषा अजून स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे बोर जवळपास नव्यासारखा. इतकं चांगलं इंजिन एका रबरी पट्ट्यापायी भंगारात गेलं असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि जुनं इंजिन थकलं की धूर काढायचं, ऑइल प्यायचं, खडखडायचं, चालवणाऱ्याला कळायचं तरी. इथे बेल्ट सडतोय आणि तक्रार येते ब्रेकची, मग कोणीही आधी बूस्टरच बदलणार ना.

बेल्ट, दोन्ही जाळ्या, ऑइल पंप नवीन टाकले, चेंबर धुतला, व्हॅक्युमला गेज लावून बघितलं, काटा लगेच वर जाऊन टिकला. काकांना सांगितलं की मॅन्युअलमधल्या मुदतीच्या अर्ध्यावरच ऑइल बदला, डब्यावर नुसता ग्रेड बघू नका, कंपनीने दिलेला स्पेसिफिकेशन नंबरही जुळला पाहिजे, आणि दर सर्व्हिसिंगला झाकणातून बेल्ट तपासायला लावा. तुमच्या गाडीतही असा बेल्ट असेल आणि पेडल कडक झालं तर बूस्टरला हात लावायच्या आधी व्हॅक्युम मोजायला सांगा, आणि तोवर गाडी चालवू नका.