मापाचं शहर

‘झूटोपिया’ हा डिस्नेचा ॲनिमेशनपट दुपारी एकट्याने बघावा, रिमोट हातात ठेवून. सोबत मंडळी असली की ती सारखी चित्र थांबवू देत नाहीत, आणि न थांबवता बघितला तर हा सिनेमा निम्माच दिसतो. ज्युडी हॉप्स नावाची सशीण पोलीस व्हायचं म्हणून गाव सोडते आणि आगगाडीने शहरात येते, तो प्रसंग घ्या. गाडी थांबते, दारं उघडतात. मोठ्या जनावरांना मोठं दार, मधल्यांना मधलं, आणि उंदरांच्या गोतावळ्यासाठी पार खाली चिमुकलं. स्टेशनात ज्यूसवाला गिऱ्हाइकाच्या हातात पेला देत नाही, नळीत घालतो. पेला सर्रकन वर जातो आणि जिराफाच्या तोंडाशी थांबतो. पाणघोडे कपड्यांसकट पाण्यातून वर येतात, हवेच्या झोतावर उभे राहून वाळतात आणि कामाला लागतात. एक गाणं वाजून संपेपर्यंत हे सगळं होऊन जातं. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

शोभेच्या वाटणाऱ्या या गोष्टी प्रत्यक्षात भार पेलतात. बोलक्या प्राण्यांच्या चित्रपटांची जुनी सोय अशी, की उंदीर, बदक, कुत्रा यांना साधारण एका उंचीला आणायचं, म्हणजे समोरासमोर गप्पा मारता येतात. बायरन हॉवर्ड आणि रिच मूर या दिग्दर्शकांनी २०१६च्या या चित्रपटात ती सोय नाकारली. खऱ्या जगात जे माप, तेच पडद्यावर. दोन पायांवर उभा राहिलेला उंदीर आठ सेंटिमीटर धरा, जिराफ पाच मीटर. फरक साठपटीचा झाला. आता ही दोघं एका चौकटीत बसवा बघू! जिराफ पूर्ण दाखवला तर उंदीर धुळीचा कण होतो. उंदीर दाखवला तर जिराफाचे फक्त खूर उरतात. एकाच्या खांद्यावरून कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर न्यायचा, ही संवादाची नेहमीची युक्ती सशीण आणि आफ्रिकी रानरेडा यांच्यात चालतच नाही. रेड्याच्या खांद्यावरून सशीण दिसेल कुठून? म्हणून ज्युडीचा वरिष्ठ, रेडा चीफ बोगो, बोलतो तेव्हा आपण एकतर ज्युडीच्या डोळ्यांनी डोंगराकडे बघावं तसे वर बघतो, नाहीतर बोगोच्या नजरेने टेबलाच्या कडेवरून डोकावणारे दोन कान बघतो. अधिकार कुणाचा, हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

विनोदही त्याच मापातून निघतात. पोलीस प्रशिक्षणात ज्युडी संडासाच्या भांड्यात पडते, कारण ते भांडं तिच्या मापाचं नाहीच. आणि हीच बुटकी ज्युडी चोराच्या मागे उंदरांच्या वस्तीत शिरते तेव्हा इमारतींपेक्षा उंच होते. तिचा एक पाय चुकला तर घर जाईल. पाच मिनिटांपूर्वी जी सगळ्यांच्या पायाखाली येत होती, तिलाच आता पाय सांभाळून टाकावा लागतो. तिथेच ती एका चिचुंद्रीला गडगडत येणाऱ्या डोनटखालून वाचवते, आणि पुढे ते उपकार तिचा जीव वाचवतात. कारण टुंड्राटाऊन या शहराच्या बर्फाळ भागातला माफिया मिस्टर बिग. आधी एक पांढरं अस्वल येतं, मग त्याहून थोराड, मग त्याहूनही थोराड. प्रत्येक वेळी वाटतं, हाच तो. शेवटचं अस्वल पंजा उघडतं तर आत खुर्चीत बसलेली एवढीशी चिचुंद्री, त्या वाचवलेलीचा बाप. विनोद जुनाच आहे, पण आधी मापं प्रामाणिक ठेवल्यामुळे इथे तो दामदुप्पट वसूल होतो.

पण या सिनेमातला सगळ्यात चोख कारागिरीचा तुकडा म्हणजे निक वाइल्ड या कोल्ह्याचा बर्फाच्या कुल्फीचा धंदा. तो सावकाश बघण्यासारखा आहे.

हत्तीच्या आइस्क्रीमच्या दुकानात कोल्ह्याला माल देत नाहीत. निकबरोबर फिनिक नावाचा बारका फेनेक कोल्हा आहे, हत्तीचं सोंग घेतलेला, निकचा ‘मुलगा’ म्हणून. ज्युडीला दया येते. हत्ती उघड्या सोंडेने आइस्क्रीम काढतोय हे ती हेरते, आरोग्य नियमांचा तिसऱ्या वर्गातला भंग म्हणून त्याला अडचणीत आणते, आणि वर निककडे पैसे नाहीत म्हणून पंधरा डॉलर स्वतः मोजते. हत्तीच्या मापाची एक अगडबंब कुल्फी हातात पडते. पुढचा टप्पा सहारा स्क्वेअर, म्हणजे वाळवंटी भाग. तिथल्या गच्चीवर कुल्फी उन्हात ठेवायची, वितळलेला रस पन्हळीतून खाली बरण्यांत घ्यायचा. बरण्या घेऊन टुंड्राटाऊनला जायचं. तिथे फिनिक बर्फात पाय रोवून ठसे पाडतो. ठसे म्हणजे साचे. त्यात काडी उभी करायची, रस ओतायचा, थंडी फुकट. गोठलेल्या छोट्या कुल्फ्या लेमिंगांच्या, म्हणजे उंदरासारख्या चिमुकल्या प्राण्यांच्या, बँकेबाहेर दोन डॉलरला एक. एका लेमिंगाने घेतली की रांगेतला प्रत्येक जण घेतो. चोखून झालेल्या काड्या ते एका डब्यात टाकतात. डब्याच्या तळाशी फिनिक. त्या लाल झालेल्या काड्यांची मोळी उंदरांच्या वस्तीत बांधकामाचं लाकूड म्हणून विकायची.

यातली एकही पायरी हवामानावाचून आणि मापावाचून उभी राहत नाही. शहरात वाळवंट आणि बर्फ एका भिंतीने शेजारी-शेजारी ठेवलेत. ती भिंत एका बाजूला थंडावा सोडते, दुसऱ्या बाजूला उष्णता. म्हणून वितळवणं आणि गोठवणं दोन्ही फुकटात होतं. हत्तीचा एक घास म्हणजे लेमिंगांची रांगभर चंगळ, लेमिंगाची काडी म्हणजे उंदराचा वासा. शहर उभारणाऱ्यांनी गुंतवलेला सगळा पैसा कुणी ओळखला असेल, तर तो या कोल्ह्याने. आणि पठ्ठ्या कायद्यात बसवून करतो, परवाना खिशात! पण बढाई मारतो की बाराव्या वर्षापासून रोज दोनशे डॉलर कमावतोय, आणि तिथे सापडतो. ज्युडी गाजराच्या पेनमध्ये ते ध्वनिमुद्रित करते आणि हिशेब मांडते: दोनशे गुणिले तीनशे पासष्ट गुणिले वीस वर्षं, चौदा लाख साठ हजार डॉलर, करविवरणात मात्र शून्य. वर म्हणते, आम्हा सशांना गुणाकार चांगला जमतो. (गुणाकार बरोबर आहे, करून बघा.) तेच पेन शेवटी कारस्थान रचणाऱ्या बेलवेदर या मेंढीच्या गळ्याचा फास होतं.

लेमिंगांबद्दल जाता जाता. ही जनावरं एकामागून एक कड्यावरून उड्या मारतात, हा समज साफ खोटा. तो जगभर पसरवण्यात डिस्नेच्याच १९५८च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या माहितीपटाचा हात मोठा; ते दृश्य रचलेलं होतं, लेमिंगं ढकलली होती, आणि त्या माहितीपटाला ऑस्करही मिळालं. त्याच घराण्याने अठ्ठावन्न वर्षांनी त्यांना बँकेचा कोट चढवून पुन्हा रांगेत उभं केलं. निदान यावेळी कुणाचा जीव गेला नाही.

वाहन खात्यातल्या स्लॉथ या अतिसंथ प्राण्याच्या दृश्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. एवढंच, की ते शब्दांपेक्षा थांब्यांवर उभं आहे. फ्लॅश नावाचा हा स्लॉथ एक शब्द उच्चारतो, थांबतो. ज्युडी अधीर होऊन वाक्य पुरं करते. ते चुकीचं निघतं, आणि त्याचं वाक्य पुन्हा त्याच गतीने पुढे सरकतं. त्यात निकला मध्येच विनोद सांगायची हुक्की येते. विनोद तीन वशिंडांच्या उंटाचा, बेताचाच. खरा विनोद फ्लॅशच्या तोंडावर हसू उगवतं तो. भुवया, मग गाल, मग ओठ. सेकंदाला चोवीस चौकटींच्या माध्यमात एका हसण्यावर इतक्या चौकटी खर्च करायला हिंमत लागते. आणि हसून झाल्यावर तो शेजारणीला तोच विनोद पहिल्यापासून सांगायला घेतो.

आता तो गुलाबी डबा. ज्युडी शहराला निघते तेव्हा आईबाप तिला कोल्ह्यांपासून बचावाची सामग्री देऊ करतात. त्यातला एक छोटा फवारा ती केवळ त्यांचं मन राखायला घेते. पहिल्या दिवशी कामावर निघताना तो खोलीतच ठेवून जाते, दार लागतं, पुन्हा उघडतं, आणि ती येऊन तो उचलते. निकचा संशय येतो तेव्हा हात कमरेच्या त्या खोबणीशी जातो. मग बराच वेळ आपण तो विसरतो. शहरातले मांसाहारी एकाएकी पिसाळू लागतात, त्यावरच्या पत्रकार परिषदेत ती मांसाहाऱ्यांच्या रक्तातच हिंसा असल्याचं बोलून बसते, निक तिला विचारतो, मलाही घाबरतेस का, आणि जरा अंगावर आल्यासारखं करतो. हात पुन्हा तिथेच. तोंडाने ती काय म्हणते याला मग अर्थ उरत नाही.

या चित्रपटाच्या आधीच्या आराखड्यात नायक निक होता आणि सगळ्या मांसाहाऱ्यांच्या गळ्यात विजेचा झटका देणारे पट्टे होते. २०१४च्या अखेरीस ते सगळं मोडून ज्युडीला पुढे आणलं. बरं झालं. पट्टा सरकार बांधतं. प्रेक्षक सरकारला शिव्या देऊन मोकळा होतो. फवारा मायेने दिलेला असतो. देणारे वाईट नसतात, घेणारी तर मुळीच नाही.

तरीही रूपक एका जागी गळतं, आणि कौतुकाच्या भरात ते झाकू नये. माणसांच्या जगात ज्या जमातींना धोकादायक ठरवतात त्यांनी शेजाऱ्यांचे पूर्वज खाल्लेले नसतात. इथे मांसाहाऱ्यांनी शाकाहाऱ्यांना खाल्ल्याचा इतिहास खुद्द सिनेमाच पहिल्या प्रसंगात, मुलांच्या नाटकात, सांगतो. म्हणजे भीती निराधार नाही, फक्त जुनी आहे. सिनेमाने सावरायचा प्रयत्न केलाय: शाकाहारी दहास एक या प्रमाणात जास्त आहेत, आणि कारस्थान त्यांच्यातलीच दुखावलेली मेंढी करते. ती मेंढी उपमहापौर असून तिला बॉयलरशेजारी खोली आहे, आणि सिंह महापौर तिच्या नावाची टिंगल करतो. कोण कुणावर अन्याय करतंय याचा सरळ तक्ता मांडता येत नाही. मला हा गोंधळच आवडतो, पण ज्यांना तक्ता हवाय त्यांची तक्रारही खोटी नाही.

लपवलेल्या गमतींच्या याद्या करणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. तो चोर, म्हणजे वीझल हे मुंगसासारखं जनावर, रस्त्यावर डिस्नेच्याच चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकतो, बातम्या देणारं जनावर देशागणिक बदलतं (चीनमध्ये पांडा, ऑस्ट्रेलियात कोआला, अमेरिकेत मूस), ठीक आहे. सापडलं की टाळी, संपलं. केसांच्या आकड्यांचंही तसंच. ज्युडी आणि निकच्या अंगावर प्रत्येकी पंचवीस लाख केस आहेत म्हणे, जिराफाच्या अंगावर नव्वद लाख. मेहनत अफाट, पण आकडा कळून हसू वाढत नाही. चोरलेल्या फुलांचं वेगळं. सुरुवातीच्या पाठलागात वीझल कसले तरी कंद पळवतो, बोगो त्यांना सडके कांदे म्हणतो, शेतकऱ्याची पोर ते फुलांचे कंद असल्याचं ओळखते, आणि तिला गप्प केलं जातं. मांसाहारी का पिसाळतात याचं सगळं रहस्य तिथेच टेबलावर पडलेलं असतं. अशी एक गोष्ट पन्नास टाळ्यांना भारी.

मात्र एक शंका आहे, ती कुठल्याच यादीत दिसत नाही. शहरात सगळे सस्तन प्राणी. सगळ्यांना अंगावर कपडे, सगळ्यांना नोकऱ्या. चित्ता डोनट खातो, ठीक. हत्तीच्या दुकानात मोठाल्या पातेल्यांतून आइस्क्रीम निघतं, तेही ठीक. पण त्याला लागणारं दूध देतं कोण, आणि कुठल्या पगारावर?