किरुना ते नार्विक, 68 डब्यांच्या मागे मागे

लेक चौथीत आहे. तिच्या वहीत प्रश्न होता, नैसर्गिक साधनसंपत्तीची चार उदाहरणे द्या, आणि हिने लिहिलं होतं पाणी, जंगल, लोखंड, मोबाईल. मोबाईलवर लाल फुली. हिचं म्हणणं, मोबाईलपण शेवटी दगडातूनच येतो ना, मग? आणि खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही.

जूनमधे स्वीडनला जायचं ठरलेलंच होतं, तर म्हटलं स्टॉकहोम दोन दिवसात उरकू आणि किरुनाला जाऊ. किरुना म्हणजे पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर. रात्रभराची ट्रेन, म्हणजे नावापुरतीच रात्र, कारण जूनमधे तिकडे सूर्य मावळतच नाही. पडदा ओढा, उजेड बघा, परत ओढा, असं करत पोचलो.

गाव बसलं 1900 च्या सुमारास आणि बसलं ते निव्वळ लोखंडासाठी. नाहीतर एवढ्या थंडीत, जिथे शेती धड होत नाही, तिथे कोण कशाला गाव वसवेल! आधी तिथे सामी, म्हणजे तिथले मूळचे लोक, आणि त्यांचे रेनडियर. ते आजही आहेत, फक्त रेनडियरच्या वाटांमधे आता खाण आली, रूळ आले, आणि 2023 मधे जवळच दुर्मिळ खनिजांचा मोठा साठा जाहीर झालाय, ती जमीनही त्यांच्या चराईचीच. मोबाईलमधे लागतात तीच ही खनिजं, हे ऐकून लेकीने माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका.

खाण बघायला बसच थेट जमिनीत घुसते, 500 मीटरपेक्षा खोल. गाईडने सांगितलं ते मी लेकीला असं समजावलं की एक प्रचंड फळी जमिनीत तिरकी खुपसली आहे असं समज, सुमारे 4 किलोमीटर लांब, 80 मीटर जाड, पूर्ण लोखंडाच्या खनिजाची, आणि ती तिरकी होत होत गेलीये नेमकी गावाच्या खाली. खालून सुरुंग लावून खनिज काढायचं, की वरचा दगड त्या पोकळीत ढासळतो, आणि त्या भेगा वर गावाकडे सरकतात. सुरुंग रात्री उशिरा लावतात. आम्ही जागेच होतो (झोप कुणाला येते त्या उजेडात), एकदम पलंग हलल्यासारखा वाटला. एकदाच, हलकंसं. गावातल्यांना काहीच वाटत नाही त्याचं.

मग गाव हलवायचं ठरलं. खाण बंद नाही करायची, गाव हलवायचं! नवीन चौक साधारण 3 किलोमीटर पूर्वेला, 2022 मधे सुरू झाला. 1912 सालचं लाकडी चर्च तर अख्खं उचलून, 672 टनांचं, ऑगस्ट 2025 मधे गाडीवर ठेवून दोन दिवसात 5 किलोमीटर नेलं. आम्ही ते बाहेरूनच बघितलं. सुंदर आहे, पण नव्या जागी मला जरा पाहुण्यासारखं वाटलं. खर्च खाण कंपनीचा, तसा कायदाच आहे, आणि कंपनी सरकारच्या मालकीची. लेकीचा प्रश्न, म्हणजे सरकारच खणतं आणि सरकारच घरं देतं? हो बाई, साधारण तसंच.

तिथून आणलेल्या खनिजाच्या तुकड्याला हिने फ्रीजवर लावायचा मॅग्नेट लावला तर तो टच्चकन चिकटला. पुढचे दोन दिवस तोच खेळ.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. खनिज काढलं, त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या, आता विकायचं तर जहाज पाहिजे. स्वीडनचं स्वतःचं बंदर आहे लुलेओ, ते तर किरुनाच्या दक्षिणेला, पण तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो. आणि नार्विकचं बंदर नॉर्वेत, डोंगरापलीकडे, लुलेओपेक्षा उत्तरेला, तरी गोठत नाही! कारण अटलांटिकमधून येणारा गरम पाण्याचा प्रवाह. लुलेओच्या समुद्रात तो पोचत नाही, शिवाय पाण्यात मीठ कमी, म्हणून लवकर गोठतं. तर त्या काळी यांनी डोंगर फोडून दुसऱ्या देशापर्यंत रेल्वे नेली, 1903 मधे राजाने उद्घाटन केलं. 1940 मधे याच खनिजापायी नार्विकला युद्धसुद्धा झालं.

आम्ही त्याच रुळांवरून गेलो, तीन तासांचा रस्ता, एका बाजूला टोर्नेट्रेस्क तलाव संपता संपत नाही. लाईन एकेरी, त्यामुळे आमची गाडी बाजूला थांबायची आणि खनिजाची गाडी धडधडत जायची. 68 डबे, प्रत्येकात 100 टन. लेकीने वहीत गुणाकार केला, 6800 टन, मग विचारते एवढं जड उतारावर थांबतं कसं. त्याचं उत्तर मला इतकं आवडलं! उतरताना ब्रेक लावले की त्यातून वीज तयार होते, आणि त्या विजेवर रिकामी गाडी परत सीमेपर्यंत चढते. नार्विकला पोचल्यावर हॉटेलात पैसे बदलायची चर्चा, तर हिला कळेना की तिकडे क्रोना इकडे क्रोन, मग वेगळे कसे. नाव सारखंच वाटतं, पण देश वेगळा, बँक वेगळी, एवढ्यावर भागवलं.

धक्क्यावर जहाजात काळपट गोळ्या ओतत होते. लांबूनच दिसलं, आत जाऊ देत नाहीत.

परतीला आमची गाडी पुन्हा बाजूला उभी, भरलेली मालगाडी खाली निघालेली. हिने बोटावर डबे मोजायला घेतले, चाळीसवर आली असताना मी नेमकं विचारलं बिस्किट हवंय का. आकडा चुकला. मग अबिस्को स्टेशन येईपर्यंत बाईसाहेब माझ्याशी बोलल्या नाहीत.