रागाची सुरुवात रागाच्या आधी

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक मला लहानपणापासून पाठ होते, पण त्यांचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगला तो एका सहकाऱ्याला मी नको तितके कठोर उत्तर लिहिले त्या दिवशी. त्याचा दोन ओळींचा निरोप सकाळी आला होता आणि माझे उत्तर गेले संध्याकाळी. मधल्या साऱ्या वेळात मी हातातली कामे करत होतो खरा, पण मन त्या दोन ओळींभोवतीच फिरत होते. प्रत्येक फेरीत त्यांतला एखादा शब्द अधिक बोचरा वाटू लागे. दुसऱ्या दिवशी तोच निरोप पुन्हा वाचला, तेव्हा त्यात अपमान असा कुठेच सापडला नाही.

त्या श्लोकांत एक साखळी सांगितली आहे. विषयांचे, म्हणजे इंद्रियांना ओढणाऱ्या गोष्टींचे, चिंतन करणाऱ्याला त्यांचा संग म्हणजे आसक्ती जडते, संगातून काम म्हणजे इच्छा, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश. आपण सारे ‘क्रोध’ या कडीपाशी जागे होतो, पण गीतेची सुरुवात तीन कड्या आधीची आहे. तिथला पहिला शब्द आहे ‘ध्यायतः’. ज्या धातूपासून ‘ध्यान’ हा शब्द आला, त्याच धातूचे हे रूप आहे, आणि हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ थांबलो. एकाग्र होण्याची शक्ती आपल्यात नाही अशी तक्रार आपण करतो. प्रत्यक्षात दुखावलेल्या मनाइतके अखंड ध्यान क्वचितच कोणी करत असेल. फक्त ध्यानाचा विषय चुकलेला असतो.

स्मृतिभ्रंशाची कडीही मला फार महत्त्वाची वाटते. शंकराचार्यांच्या भाष्यात इथली स्मृती म्हणजे शास्त्र आणि आचार्य यांच्या उपदेशाने मनावर उमटलेल्या संस्कारांतून जागणारी स्मृती. म्हणजे रागाच्या भरात माणूस अडाणी होत नाही. त्याला जे चांगले ठाऊक असते, ते नेमके हवे त्या क्षणी आठवत नाही.

हीच गोष्ट पहिल्या शतकात रोममध्ये सेनेका या तत्त्वज्ञाने वेगळ्या वाटेने मांडली. क्रोधावरच्या आपल्या तीन भागांच्या ग्रंथात तो मनाच्या तीन हालचाली सांगतो. पहिला धक्का आपल्या हातात नसतो, जसे अंगावर गार पाणी पडले की शहारा येतो. दुसऱ्या हालचालीत मन ‘माझ्यावर अन्याय झाला, त्याची परतफेड झाली पाहिजे’ या विचाराला संमती देते, आणि तिसरीत विवेक पार बाजूला पडतो. गीतेची साखळी विषयांच्या चिंतनापासून सुरू होते, सेनेकाच्या मते खरा राग मनाने दिलेल्या त्या संमतीपासून, हा फरक लहान नाही. माझ्या त्या दिवसापुरता मला सेनेका अधिक जवळचा वाटतो, कारण सकाळचा धक्का क्षणात ओसरला होता आणि नंतरचे सगळे माझ्या संमतीने घडले होते.

उपायाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट पुढे येते: अभ्यास, म्हणजे सातत्याने केलेला सराव. मन चंचल आहे, ते आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे, असे अर्जुन म्हणतो तेव्हा श्रीकृष्ण ते नाकारत नाहीत. ते अभ्यास आणि वैराग्य सुचवतात. योगसूत्रांत पतंजलीही हीच जोडी सांगतात आणि अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने केला तरच दृढ होतो अशी अट घालतात. त्या अटीतला ‘आदराने’ हा भाग मी आजवर दुर्लक्षित ठेवला होता. स्वतःवर चिडून केलेला अभ्यास हा पुन्हा रागाचाच अभ्यास होतो.

सेनेकाच्याच विचारपरंपरेतला, गुलामगिरीत वाढलेला आणि पुढे तत्त्वज्ञान शिकवणारा एपिक्टेटस तर चक्क दिवस मोजायला सांगतो: आधी रोज रागावत होतो, मग दिवसाआड, मग दर तिसऱ्या दिवशी, आणि तीस दिवस रागावाचून गेले तर देवाला यज्ञ अर्पण करावा. मी त्याची मोजणी थोडी बदलून घेतली आहे. रोज रात्री वहीत रागाची वेळ न लिहिता, मन कोणत्या गोष्टीभोवती फिरू लागले आणि ते माझ्या ध्यानात केव्हा आले, या दोन वेळा मी लिहितो. सुरुवातीला त्यांत अर्ध्या दिवसाचे अंतर असे. काल ते तासाभराचे होते.