शेंगांची टरफलं, हार्डडिस्कमधलं मॅग्नेट आणि मामाची बाटली

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरवताना मी फारसं डोकं चालवलं नव्हतं. सोलापुरात शेंगा फोडायच्या मशिनीखालची टरफलं पोत्यानं मिळतात, मामाचं पूर्व भागात सूत रंगवायचं डाईंग आहे, आणि कार्बन पाण्यातला रंग ओढून घेतो हे बीएस्सीलाच शिकलेलं. तिन्ही जोडलं. कार्बनला चुंबकाची जोड द्यायचं मॅडमनी सुचवलं. "नुसता कार्बन सगळेच करतात गं. तो बारीक भुगा पाण्यातून परत काढताना नाकी नऊ येतात, तिथलं काहीतरी कर."

टरफलं धुतली, वाळवली, मिक्सरला फिरवली (घरच्या मिक्सरला, आईला न सांगता). एका दमात काम उरकावं म्हणून झिंक क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड दोन्ही एकाच द्रावणात घालून भुगा त्यात भिजवला. झिंक क्लोराइडमुळे जळताना कार्बनला बारीक छिद्रं पडतात, लोखंडाच्या क्षारापासून मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा चुंबकाला चिकटणारा काळा ऑक्साइड, तयार होतं. कागदावर सगळं छान. 500 अंशाला तासभर ठेवून फर्नेस उघडली, तर मुशीत (भट्टीत ठेवायच्या वाटीत) विटेच्या भुकटीसारखं तांबूस काहीतरी. हवा आत गेली होती. कार्बन जळून गेला आणि लोखंडाचं हेमटाइट, म्हणजे तांबडा ऑक्साइड, झालं, ते चुंबकाला जेमतेम ओळख देतं.

नायट्रोजनची सोय आमच्याकडे नव्हती. तोडगा काढला लॅबमधल्या काकांनी. छोटी मूस झाकण लावून मोठ्या मुशीत ठेवायची, मधल्या जागेत कोळशाची पूड गच्च भरायची, वर पुन्हा झाकण. आत शिरणारा ऑक्सिजन तो कोळसाच खातो. दुसरी खेप काळीभोर निघाली आणि कागदाखालून मॅग्नेट फिरवलं की केसांसारखी उभी राहू लागली. मी व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकला.

मग झिंक काढायला ती खेप हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धुतली. धुवण पिवळं आलं तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मॅग्नेटला काही चिकटेना. झिंकबरोबर लोखंडही विरघळून सिंकमध्ये गेलं होतं. व्हिडिओ मात्र ग्रुपवर तसाच, खाली अभिनंदनं.

तिसऱ्यांदा क्रम उलटा केला. आधी नुसता कार्बन करून ॲसिडनं हवा तेवढा धुतला. मग तो पाण्यात ढवळत ठेवून फेरिक आणि फेरस क्षार दोनास एक मोल या प्रमाणात घातले, 70 अंशावर आणून थेंबथेंब अमोनिया सोडला. सामू (pH) 10 कडे सरकला तसं तपकिरी पाणी बघता बघता काळं झालं. फेरसचं द्रावण ताजंच हवं, शिळं घेतलं तर हवेनं फेरिक होऊन बसतं आणि चुंबकत्व येत नाही. लोखंड जास्त झालं की छिद्रं बुजतात, म्हणून तेही हात राखूनच घातलं.

मॅग्नेट भंगारातल्या जुन्या हार्डडिस्कमधलं. चिमूटभर आकाराचं, पण बोट अडकलं तर कळवळायला होतं. बीकरच्या कडेला लावलं की मिनिटभरात सगळा काळा गाळ त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि वरचं पाणी सरळ ओतून घेता येतं.

चाचणीला मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग घेतला, सगळे तोच घेतात. रंग किती उरला ते पाणी किती प्रकाश शोषतं यावरून मोजायचं, 664 नॅनोमीटरला रीडिंग. लिटरला 1 ते 5 मिलीग्रॅमच्या द्रावणांवर सरळ रेष आली, नमुने तेवढे पातळ करून मोजायचे. 98 टक्के रंग गेला! मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "ब्लँक कुठाय?" मी तोपर्यंत जुन्या सवयीनं मॅग्नेट लावून झाल्यावरही पाणी फिल्टर पेपरमधून गाळत होते. ब्लँक म्हणून कार्बन न घालता नुसतं निळं पाणी गाळलं, तर पेपरच निळा झाला आणि रीडिंग तिसऱ्या हिश्शानं उतरलं. कापसाला चिकटणारा रंग कागदाला का सोडेल? तो रीडिंग घ्यायच्या काचेच्या डबीलाही, म्हणजे क्युव्हेटलाही, धरतो, दर वेळी स्पिरिटनं पुसावं लागतं. तीन आठवड्यांची रीडिंग्ज बाद. पुन्हा केली तेव्हा पेपरला हात लावला नाही. आकडे उतरले, पण माझे होते.

आणि मग मामाची बाटली आली. लाल सूत काढल्यावरचं पाणी, कोमट, प्लॅस्टिकच्या बाटलीत. "हे काढून दाखव की. ते निळं कोण वापरतंय इथं?"

मी कार्बन घातला, तासभर हलवलं, मॅग्नेट लावलं. पाणी होतं तसंच लाल.

सामू पाहिला तर 11. मामाचा लाल रंग रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध करणारा. असा रंग सुतीवर बसवायला मीठ आणि सोडा ॲश घालतात, ते सगळं या पाण्यात उतरतं. मिथिलीन ब्ल्यूचा रेणू धन भाराचा, रिॲक्टिव्हचा ऋण. माझ्या कार्बनचा पृष्ठभाग साडेसहाच्या वर ऋण होत होता, म्हणजे तो या रंगाला दूरच ढकलणार. थोडक्यात, वर्षभर मी सोपं गणित सोडवत होते.

ॲसिड घालायला घेतलं तर बाटली सोड्यासारखी फसफसली आणि ॲसिड किती लागलं ते बघून मामा म्हणाले, "हे रोज घालायला मला परवडंल होय गं?" सामू 3 ला लाल रंग झकास उतरला, पण त्या पाण्यात पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाकला की रक्तासारखं लाल. लोखंड सुटत होतं. 5 ला लोखंड जवळजवळ सुटलं नाही, रंग निम्म्याहून थोडा जास्त गेला. तोच आकडा रिपोर्टमध्ये दिला, सामू 11 ची ओळही ठेवली.

वापरलेला कार्बन कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात टाकला की रंग सोडतो. ज्या अल्कलीनं अडवलं तीच इथं कामी आली. मामांनी त्या घट्ट लाल पाण्याकडे बघून विचारलं, "मग हे कुठं ओतायलीस?"

पाच लिटरचा रंग पाव लिटरात आला होता, त्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पाव लिटर अजून कॅनमध्ये, लेबल लावून, लॅबच्या टेबलाखाली आहे. काका दर शनिवारी विचारतात, कधी नेणार म्हणून.