सिस्टीन चॅपेलमधला हिरवा झगा

व्हॅटिकनची नकाशांची आणि गालिच्यांची दालनं गर्दीच्या रेट्यात कशी मागे पडली ते कळलंही नाही. खरी थांबले ती सिस्टीन चॅपेलमध्ये, वेदीमागच्या भिंतीवरच्या ‘अंतिम न्याय’ या चित्रासमोर. सोललेलं कातडं हातात धरलेला संत बार्थोलोम्यू आधी शोधा. त्याच्या उजवीकडे मोडक्या काटेरी चाकासह हिरव्या झग्यात वाकलेली दिसते ती संत कॅथरीन. तिच्यामागे लोखंडी फण्या घेतलेला संत ब्लेझ. या दोघांपाशीच माझा जीव अडकला.

मायकेलअँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात ही भिंत रंगवली, तेव्हा कॅथरीन विवस्त्र होती आणि ब्लेझ तिच्याकडे बघत होता. पोपचा समारंभप्रमुख ब्याजो दा चेझेना याने काम चालू असतानाच तक्रार केली. खाली उजव्या कोपऱ्यात गाढवाचे कान असलेला, पाताळाचा न्यायाधीश मिनोस आहे, त्याला या ब्याजोचाच चेहरा मिळाला. तरीही पोप तिसऱ्या पॉलने भिंतीला हात लावू दिला नाही. पुढे डिसेंबर १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटमधल्या धर्मसभेने पवित्र चित्रांतली कामुकता निषिद्ध ठरवली आणि महिन्याभरात ही भिंत झाकायचा निर्णय झाला. मायकेलअँजेलो फेब्रुवारीत वारला. १५६५ मध्ये काम आलं ते त्याच्याच मित्राकडे, डॅनिएले दा व्होल्टेराकडे. बिचाऱ्याला कायमचं ‘विजारवाला’ हे नाव चिकटलं.

बहुतेक वस्त्रं त्याने सुक्या गिलाव्यावर, मूळ चित्राच्या वरून रंगवली. असा रंग गिलाव्यात मुरत नाही, म्हणून पुसता येतो. १९९४ मध्ये संपलेल्या जीर्णोद्धारात नंतरच्या शतकांतली बरीच वस्त्रं निघाली. सोळाव्या शतकातली मात्र इतिहासाची खूण म्हणून ठेवली. कॅथरीन-ब्लेझची गोष्ट वेगळी. तिथे मूळ गिलावाच टाकीने खरवडून काढला, नवा ओला गिलावा चढवून त्यावर झगा रंगवला आणि ब्लेझची मान येशूकडे वळवली. त्या झग्याखाली आता पुसून काढण्यासारखं काहीच नाही. झाकणं मी समजू शकते, हे खरवडणं नाही.

आत फोटो काढायला मनाई आहे आणि डोळे फार वरपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा छोटी दुर्बीण न्याच. मूळ रचना बघायची तर नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात मार्चेल्लो व्हेनुस्तीने १५४९ मध्ये केलेली नक्कल आहे. तिच्यात ब्लेझ अजून कॅथरीनकडेच बघतो.