नॅसची डिस्क गेली आणि वॉरंटी अडली बिलावर: माझा अनुभव

नॅस म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली नेटवर्कवरून एका जागी ठेवणारं यंत्र. त्यातली डिस्क वॉरंटीतून बदलून घ्यायची वेळ आली, तर आधी बिल काढा आणि त्यावर डिस्कचा सिरियल नंबर छापलाय का ते बघा. छापला असेल तर तुम्ही नशीबवान.

ठाण्यात आमचं सीए ऑफिस आहे. मी अकाउंट्स बघतो. आयटीचा वेगळा माणूस नाही, त्यामुळे नॅसही माझ्याच गळ्यात. चार डिस्कचं यंत्र, प्रत्येकी ४ टीबी, रेड ५. म्हणजे डेटाचे तुकडे चारही डिस्कवर वाटलेले, आणि एका डिस्कएवढी जागा गेलेला डेटा परत बांधायच्या माहितीला. त्यामुळे १६ पैकी १२ टीबी वापरायला मिळतात आणि एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. दुसरी गेली की संपलं. क्लायंटचा टॅलीचा डेटा, रिटर्न्स, पॅन-आधारचे स्कॅन, सगळं त्यावर.

सप्टेंबर अखेरीस, टॅक्स ऑडिटच्या तारखेची पळापळ चालू असताना, यंत्र टीं-टीं करायला लागलं. तिसऱ्या ट्रेचा दिवा केशरी. आर्टिकलची (सीए शिकणारी) मुलं म्हणाली, "आवाज बंद करू का?" आवाज बंद केला. रात्रीचा बॅकअप नीट झालाय हे बघितलं, दोन फायली उघडूनही पाहिल्या. मग कपाटातली जादा डिस्क लावली. रीबिल्डला, म्हणजे बाकीच्या तीन डिस्कवरून तिच्यावर डेटा परत बांधायला, रात्र गेली, सकाळी दिवे हिरवे. ही जादा डिस्क घेताना साहेब कुरकुरले होते, "पडून राहणार की!" त्या सकाळी काही बोलले नाहीत.

खरी गंमत त्यानंतर. गेलेल्या डिस्कची वॉरंटी पाच वर्षांची, तिसरं वर्ष चालू. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला तर स्वच्छ लिहून आलं, वॉरंटीत आहे. मग डिस्क घेऊन कंपनीच्या सर्व्हिस काउंटरवर गेलो. तिथल्या मॅडमनी ती उलटसुलट करून पाहिली, कुठे पोचा नाही, जळाल्याची खूण नाही. बिल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "यावर सिरियल नंबर नाहीये."

"तुमच्याच साइटवर तारीख दिसतेय ना?"

"बिलावर पाहिजे सर."

डिस्क मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या. दुकानदाराने लेटरहेडवर चारही नंबर लिहून, शिक्का मारून पत्र दिलं. काउंटरवर पत्र चालेना, टॅक्स इन्व्हॉइसच हवं. परत दुकान. आता शेठ म्हणतात, "त्या महिन्याचं जीएसटीआर-१, विक्रीचं रिटर्न, कधीच भरून झालं. बिलाला हात लावता येत नाही."

इथे माझं डोकं फिरलं, कारण हा तर माझाच धंदा. जीएसटी नियम ४६ मध्ये बिलावर काय काय हवं त्याची यादी आहे. त्यात जो क्रमांक सांगितलाय तो बिलाचा, मालाचा नाही. म्हणजे दुकानदाराने चूक केलीच नव्हती आणि काउंटर कायद्यात नसलेली गोष्ट मागत होतं. बरं, जीएसटीआर-१ मध्येही जातं काय? बिलाचा नंबर, तारीख, आपला जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), रक्कम, कर, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड). डिस्कचा नंबर तिथे जातच नाही. मग वर्णनात चार नंबर वाढले तर भरलेल्या रिटर्नचं काय बिघडणार? शेठना हे पटवायला चहा लागला. शेवटी त्यांच्या टॅलीवाल्या मुलाशेजारी बसलो, जुनं व्हाउचर उघडायला लावलं, आयटमखालच्या वर्णनात चारही नंबर घालून घेतले. बिल नंबर तोच, तारीख तीच, रक्कम तीच. प्रिंट आली, शिक्का बसला. मॅडमनी ते एका नजरेत पास केलं. एवढ्याच्यासाठी!

आणि या सगळ्या काळात, कपाटात डिस्क नसती तर आमचं यंत्र तीन डिस्कवर लंगडत असतं, तेही ऐन ऑडिटच्या दिवसांत. म्हणून माझं म्हणणं एवढंच: वॉरंटीच्या डिस्कची वाट बघत नॅस चालवू नका. जादा डिस्क आधीच घ्या. वॉरंटीतून येईल ती पुढची जादा डिस्क. आणि चार डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या असतील तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. रीबिल्ड म्हणजे त्या सगळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जाणं, त्यामुळे त्याआधी बॅकअप तपासल्याशिवाय ट्रेला हात लावू नका.

ट्रेवरून आठवलं. प्रत्येक ट्रेवर त्या डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवून ठेवा. काही यंत्रं शून्यापासून मोजतात, काही एकपासून. घाईत चांगली डिस्क ओढली तर रेड ५ जागेवर बसतं.

डेटाचं काय, हा प्रश्न साहेबांनी विचारला, आणि बरोबर विचारला. जमा केलेली डिस्क परत मिळत नाही. आमची टकटक आवाज करत होती, त्यामुळे पुसताही येत नव्हती. रेड ५ मधल्या एकट्या डिस्कवर सगळे तुकडेच असतात असं लोक म्हणतात, पण तुकडा ६४ केबीचा असेल तर आधारचा छोटासा स्कॅन त्यात अख्खा मावतो. क्लायंटची फोल्डरं मी पहिल्यापासून एन्क्रिप्ट करून ठेवली होती, म्हणून बिनघोर दिली. तुमची नसतील तर वॉरंटीवर पाणी सोडा आणि डिस्क फोडून टाका.

बदली आलेली डिस्क नवी नाही, दुरुस्त केलेली आहे. लेबलवरच तसं छापलंय, आणि वॉरंटी जुनीच पुढे चालू. तिची स्मार्टची (डिस्क स्वतःचीच तब्येत तपासते ती) लांब टेस्ट रात्रभर चालवली, खराब सेक्टर शून्य निघाले, तेव्हाच कपाटात ठेवली. बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा, तीन वर्षांत त्यावर काही दिसत नाही.